सांध्यावर सांधा नको!

घर बांधायला काढलं की टाइल्सच्या दुकानात चार रविवार जातात. बाथरूमच्या नळांवरून घरात दोन तट पडतात. रंगाचं शेडकार्ड तर महिनाभर टीपॉयवरून हलत नाही. वीटकाम मात्र बहुतेक घरमालक लांबूनच बघतात. भिंत उठतेय ना, ओळंब्यात आहे ना, मग झालं! पण प्लास्टर चढलं की चांगली भिंत आणि वाईट भिंत सारखीच दिसते. टाइल नाही आवडली तर उखडून बदलता येते. विटांची मांडणी चुकली असेल तर भिंतच पाडावी लागते.

या मांडणीला बांधकामाच्या भाषेत ‘बाँड’ म्हणतात. पुस्तकात बाँडची डझनभर नावं सापडतील, पण घर बांधणाऱ्याला पाच-सहा कळले तरी पुरे. ते सगळे एकाच नियमातून निघालेले आहेत: खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरच्या थरातला उभा सांधा येता कामा नये. सांधा मोडला पाहिजे.

असं का? वरच्या विटेवर आलेला भार खालच्या दोन विटांवर वाटला जातो, त्या दोघींचा तिघींवर, असा तो पायापर्यंत पसरत जातो. सांध्यावर सांधा आला की हे वाटप तिथे तुटतं आणि भिंतीचे शेजारी शेजारी उभे राहिलेले दोन खांब होतात. त्यांना धरून ठेवायला मधे फक्त सिमेंट-वाळूचा माल उरतो. माल दाब चांगला सोसतो, पण ओढ सोसत नाही. पाया जरा खचला, ऊन-थंडीने भिंत जरा हलली, की पहिला तडा त्या सरळ रेषेतच जातो.

विटेची ओळख

भारतीय मानक आयएस 1077 नुसार मॉड्युलर विटेचं माप 190 × 90 × 90 मिमी आहे. प्रत्यक्षात अजूनही 9 × 4½ × 3 इंचांच्या आसपासची, म्हणजे ढोबळमानाने 230 × 110 × 75 मिमीची वीट सर्रास वापरली जाते. भट्टीगणिक माप थोडं बदलतं. कोणतीही वीट घेतलीत तरी एक गोष्ट तपासा: दोन विटांच्या रुंदी आणि मधला एक सांधा मिळून एका विटेची लांबी भरली पाहिजे. 110 + 10 + 110 = 230. हे गणित जमत नसेल तर कुठलाही बाँड नीट बसत नाही आणि गवंड्याला दर थराला विटा फोडत बसावं लागतं. हडप्पा संस्कृतीतल्या विटांचं जाडी, रुंदी आणि लांबीचं प्रमाण 1 : 2 : 4 होतं. रुंदीच्या दुप्पट लांबी हे तत्त्व इतकं जुनं आहे.

चार शब्द लक्षात ठेवा. वीट भिंतीच्या लांबीला समांतर ठेवली आणि तिची लांब बाजू बाहेर दिसली, तर तो स्ट्रेचर. वीट भिंतीच्या जाडीतून आरपार ठेवली आणि तिचं तोंड बाहेर दिसलं, तर तो हेडर. विटेचा आडवा तोडलेला तुकडा म्हणजे बॅट, मग तो अर्धा असो वा पाऊण. आणि विटेची लांबी तशीच ठेवून रुंदी अर्धी केली तर तो क्वीन क्लोजर.

स्ट्रेचर बाँड: पडदीसाठी

साडेचार इंची भिंत, जिला बोलण्यात आपण चार इंचीच म्हणतो, या बाँडमध्ये होते. सगळ्या विटा स्ट्रेचर, प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा अर्धी वीट सरकलेला. त्यासाठी एकाआड एक थराची सुरुवात अर्ध्या विटेने करावी लागते. खोल्यांमधल्या पडद्यांना आणि आरसीसी खांबांमधल्या आतल्या भिंतींना हा बाँड योग्य आहे.

ही भिंत बारीक असल्याने तिला आधार लागतो. माल 1:4 चा वापरा. दर तिसऱ्या-चौथ्या थरात 6 मिमीच्या दोन सळया टाका, किंवा साधारण दर मीटर उंचीला सळयांसह काँक्रीटची पट्टी घ्या. या भिंतीवर स्लॅबचा भार टाकायचा नाही.

इथेच एका लबाडीची ओळख करून घ्या. नऊ इंची भिंत सांगितलेली असते आणि गवंडी बाहेरून एक साडेचार इंची, आतून एक साडेचार इंची अशा दोन पडद्या पाठीला पाठ लावून चढवतो. दोन्हींत सगळे स्ट्रेचर, आरपार वीट एकही नाही. काम भराभर उरकतं, दोन्ही बाजूंनी दिसतंही झकास. पण दोन पडद्या शेजारी उभ्या केल्या म्हणजे नऊ इंची भिंत होत नाही. हेडरशिवाय त्या एकमेकींना धरत नाहीत. बांध फक्त लांबीच्या दिशेने नको, जाडीच्या दिशेनेही हवा.

हेडर बाँड: गोलाईसाठी

सगळ्या विटा आरपार ठेवल्या की हेडर बाँड. सरळ भिंतीत लांबीच्या दिशेने याची पकड कमी, कारण वरची वीट खालच्या विटेवर फक्त पाव लांबीने सरकते. पण गोल बांधकामात हाच कामाचा. गोल हौद, शोषखड्डा, गच्चीवरच्या जिन्याची वळती भिंत इथे लांब स्ट्रेचर लावले तर भिंतीला कोपरे दिसू लागतात. हेडरची तोंडं लहान असल्याने वळण सुरेख येतं.

इंग्लिश बाँड: भार पेलायचा असेल तर

नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतीला डोळे मिटून निवडावा असा हा बाँड. एक पूर्ण थर स्ट्रेचरचा, त्यावर एक पूर्ण थर हेडरचा, पुन्हा स्ट्रेचर. स्ट्रेचरच्या थरात दोन विटा शेजारी शेजारी झोपलेल्या असतात आणि वरचा हेडर त्या दोघींना बांधतो.

यातली मेख कोपऱ्यात आहे. कोपऱ्यापासून मोजा. खालच्या थरात 230 मिमीचा स्ट्रेचर, पुढे 10 मिमी सांधा. वरच्या थरात 110 चा हेडर, 10 चा सांधा, पुन्हा 110 चा हेडर, म्हणजे पुढचा सांधाही नेमका 230 वर! सांध्यावर सांधा आलाच. म्हणून कोपऱ्यातल्या पहिल्या हेडरशेजारी साधारण 50 मिमी रुंदीचा क्वीन क्लोजर लावतात. त्यामुळे पुढचे सगळे हेडर पाव विटेने सरकतात आणि खालचा सांधा वरच्या हेडरच्या बरोबर मधोमध येतो. क्लोजर हा नेहमी पहिल्या हेडरनंतर. अगदी कोपऱ्यावर तो कधीच ठेवायचा नाही. बारीक तुकडा तिथे टिकत नाही.

विटेचा असा लांबीने तुकडा काढणं कटकटीचं असतं, म्हणून गवंडी क्लोजर टाळायला बघतो आणि रिकामी जागा मालाने किंवा खड्यांनी भरतो. कटर मशीनवर दिवसाला लागतील तेवढे क्लोजर सकाळीच कापून ठेवायला सांगा. वाद मिटतो.

फ्लेमिश बाँड: दिसण्यासाठी

एकाच थरात एक हेडर, एक स्ट्रेचर, पुन्हा हेडर. वरच्या थरातला हेडर खालच्या स्ट्रेचरच्या मधोमध. इथेही एकाआड एक थरात कोपऱ्यातल्या हेडरशेजारी क्लोजर लागतोच. भिंतीला प्लास्टर न करता विटा उघड्या ठेवायच्या असतील तर इंग्लिशपेक्षा ही नक्षी जास्त रेखीव दिसते.

मग सगळीकडे हाच का नाही? एक तर याला गवंड्याचा हात सरावलेला हवा. हेडर जरा इकडेतिकडे झाला की नक्षी लगेच वाकडी दिसते. दुसरं म्हणजे दीड विटेच्या किंवा तशा जाड भिंतीत याला तुकडे जास्त लागतात आणि आत थोडे सांधे एकावर एक येतात. भार पेलण्यात इंग्लिश थोडा सरस मानतात तो यामुळे. दीड विटेच्या भिंतीत दर्शनी बाजू फ्लेमिश आणि पाठ इंग्लिश अशी सोयही करतात.

उघड्या विटांसाठी आणखी एक सूचना. भाजलेल्या विटांची लांबी चार-सहा मिलिमीटर मागेपुढे होतेच. हेडर आरपार असल्याने नऊ इंची भिंतीच्या दोन्ही बाजू सारख्या गुळगुळीत येत नाहीत. कोणती बाजू सफाईदार हवी ते आधी ठरवा आणि दोरी त्या बाजूला धरायला सांगा.

रॅट-ट्रॅप बाँड: विटा वाचवण्यासाठी

हा बाँड आपल्या देशात रुजवण्याचं श्रेय लॉरी बेकर यांना जातं. 1917 मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला हा वास्तुविशारद भारतात आला आणि इथलाच झाला. केरळमध्ये त्यांनी स्वस्त आणि देखणी घरं बांधली. 1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2007 मध्ये तिरुवनंतपुरमला ते वारले.

यात विटा पालथ्या न झोपवता कडेवर उभ्या ठेवतात. दोन स्ट्रेचर समोरासमोर, मधे सुमारे 80 मिमी पोकळी, मग एक आरपार हेडर, पुन्हा दोन स्ट्रेचर. भिंतीची जाडी नऊ इंचच राहते, पण आत पेट्या पेट्यांची पोकळी तयार होते. सापळ्यासारखी दिसते, म्हणून हे नाव.

हिशेब करून बघू. 230 × 110 × 75 ची वीट आणि 10 मिमी सांधा धरला, तर इंग्लिश किंवा फ्लेमिश बाँडच्या नऊ इंची भिंतीला चौरस मीटरला सुमारे 98 विटा लागतात. रॅट-ट्रॅपला सुमारे 77. म्हणजे 100 चौरस फुटांना 910 ऐवजी 715. मालही कमी लागतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची धग आत उशिरा पोचते. (साडेचार इंची भिंतीला याच हिशेबाने 100 चौरस फुटांना 455 विटा लागतात. कुठल्याही आकड्यावर तूटफुटीसाठी 5 टक्के वाढवून मागवा.) इंग्लिश आणि फ्लेमिशचा आकडा एकच आहे हेही ध्यानात घ्या. ‘फ्लेमिशला विटा जास्त लागतात’ असं कुणी सांगितलं तर हा हिशेब पुढे करा.

पथ्यं मात्र पाळावी लागतात. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा थर, लिंटेल आणि स्लॅबखालचे थर, दारं-खिडक्यांच्या कडा या सगळ्या जागा भरीव हव्यात. विजेचे पाइप कुठून जाणार ते आधी ठरवा. नंतर छिन्नी चालवली तर पोकळ भिंतीची वाट लागते. भूकंपप्रवण भागात कोपऱ्यांच्या पोकळीत उभ्या सळया टाकून काँक्रीट भरावं, आणि ते अभियंत्याच्या आराखड्यानुसारच. कोकणासारख्या पावसात भिंत उघडी ठेवायची असेल तर छपराची पागोळी भिंतीपासून भरपूर बाहेर काढा. वीट नीट भाजलेली आणि कडेला सरळ असेल तरच या वाटेला जा. वाकड्यातिकड्या विटांचा रॅट-ट्रॅप होत नाही.

कुंपण आणि नक्षी

बागेच्या किंवा कुंपणाच्या नऊ इंची भिंतीवर भार नसतो. तिथे तीन किंवा पाच थर स्ट्रेचरचे आणि एक थर हेडरचा, असा गार्डन वॉल बाँड चालतो. काम लवकर होतं आणि बांधही राहतो.

स्टॅक बाँडपासून मात्र जपून. विटा एकावर एक बरोबर रचलेल्या, सगळे उभे सांधे एका रेषेत. मासिकातल्या फोटोंत तो फार मोहक दिसतो. पण यात मूळ नियमच मोडलेला आहे. हवाच असेल तर भक्कम भिंतीवर बाहेरून चिकटवायच्या पातळ विटांच्या टाइल्समध्ये करा, भिंतीत नको. तिरकी किंवा माशाच्या काट्यासारखी हेरिंगबोन मांडणी ही अंगणाच्या फरशीत शोभते.

आता अनेक ठिकाणी विटांऐवजी एएसी ब्लॉक वापरतात. ब्लॉक मोठा, म्हणून सांधे कमी. नियम तोच. अर्ध्या ब्लॉकने सांधा मोडलाच पाहिजे.

किल्लारीने शिकवलेलं

‘आमचं घर आरसीसी फ्रेमचं आहे, भार खांब घेणार, मग बाँडचं एवढं कौतुक कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. खांब-तुळयांच्या घरात भिंत स्लॅब पेलत नाही हे खरं. पण तिला स्वतःचं वजन पेलायचं असतं, वारा आणि हादरे सोसायचे असतात आणि वर्षानुवर्षं तडा न जाता उभं राहायचं असतं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. तिथल्या कित्येक घरांच्या भिंती दोन फुटांहून जाड होत्या. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, मधे माती आणि चिपा. दोन्ही पदरांना शिवणारे आरपार दगड मात्र नव्हते. हादरा बसताच पदर सुटले, भिंती फुगून फुटल्या आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. भिंतीच्या जाडीने कुणी वाचलं नाही. म्हणूनच दगडी भिंतींना ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे देण्याचा आग्रह भूकंपरोधक बांधकामाच्या नियमांत आहे. दगडी भिंतीत जो आरपार दगड, तोच विटांच्या भिंतीत हेडर.

जिथे भिंतीला भिंत भेटते

तडे सर्वांत जास्त कुठे दिसतात? आतली भिंत बाहेरच्या भिंतीला मिळते तिथे. कारण बाहेरची भिंत आधी उठते आणि आतली नंतर नुसती टेकवली जाते. दोन्ही भिंती एकदमच उचलणं सर्वांत चांगलं. एकाआड एक थरात आतल्या भिंतीची वीट बाहेरच्या भिंतीत शिरली पाहिजे. एकदम जमत नसेल तर काम थांबवताना भिंतीचं टोक पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतं ठेवा. सरळ उभं तोडून फक्त दाते सोडले, तर नंतर त्या दात्यांत माल नीट भरत नाही.

आरसीसी खांब आणि विटा मिळतात त्या रेषेवर प्लास्टरआधी जाळी ठोकायला विसरू नका. तिथे दोन वेगळे पदार्थ भेटतात आणि तिथे बाँड काही करू शकत नाही.

साइटवर काय बघायचं

1. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. साधारण विटेने 24 तासांत आपल्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये.

2. लाल विटा पाण्यात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि सांधा भुसभुशीत राहतो.

3. पहिले दोन थर मालाशिवाय, सुके मांडून घ्या. कोपरा, दार आणि खिडकी यांच्याशी बाँड कसा जुळतो ते तिथेच कळतं. या अर्ध्या तासात पुढचा निम्मा त्रास वाचतो.

4. विटेचा खळगा वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे तो मालाने भरतो.

5. सांधे 10 मिमीचे आणि उभे सांधेही पूर्ण भरलेले. उभ्या सांध्यातून पलीकडचा उजेड दिसला तर तो थर काढायला लावा. नऊ इंची भिंतीला 1:6 चा माल चालतो. कालवलेला माल दोन तासांच्या आत संपवा.

6. एका दिवसात मीटरभरापेक्षा जास्त उंची चढवू नका. निदान सात दिवस पाणी मारा.

7. एकाआड एक थरातले उभे सांधे ओळंब्यात एका रेषेत येतात का बघा. येत असतील तर बाँड वरपर्यंत शाबूत आहे.

आणि शेवटी एक विनंती. भिंत समोरून बघून समाधान मानू नका, कारण अर्ध्या विटेचं तोंड दाखवून हेडर असल्याचा भासही निर्माण करता येतो. थर उघडा असताना पालखावर चढा आणि भिंत वरून बघा. आरपार गेलेल्या अख्ख्या विटा मोजा. मोजण्याइतक्या सापडल्या नाहीत, तर गवंड्याला तिथेच थांबवा आणि तो थर पुन्हा घालायला लावा. त्या दिवशी एक थर वाया जाईल. प्लास्टर चढल्यानंतर कळलं, तर भिंत वाया जाईल.